तेहतीस पानांचे टिपण

मलेरियाचे निदान रक्ताच्या एका थेंबावरून होते. मोडलेले हाड क्ष-किरण चित्रात दिसते. स्वमग्नता, म्हणजे ज्याला आपण ऑटिझम म्हणतो ती अवस्था, मात्र आजही कोणत्याही रक्ततपासणीने वा मेंदूच्या छायाचित्राने ठरवता येत नाही. मूल काय करते, काय करत नाही आणि हे केव्हापासून, एवढ्यावरच तज्ज्ञाला निदान करावे लागते. तज्ज्ञापुढे मूल असते तासभर, आईवडिलांपुढे असते जन्मापासून. म्हणजे निदानाचा मोठा पुरावा आईवडिलांच्याच तोंडी असतो. तरीही अचूक निदानासाठी या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरणाऱ्या पालकांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते: आमचे म्हणणे कोणी नीट ऐकूनच घेतले नाही.

असे का व्हावे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी एक जुना शोधनिबंध पुन्हा वाचला. लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञाचा हा निबंध १९४३ साली अमेरिकेतील एका नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अकरा मुलांची हकीकत त्यात आहे. आठ मुलगे आणि तीन मुली. आज आपण ज्याला स्वमग्नता म्हणतो तिचे वैद्यकातील प्रसिद्ध वर्णन येथून सुरू झाले. या विषयावरील बहुतेक पुस्तकांत निबंधाचा आदराने उल्लेख असतो, पण तो मुळातून फार थोडे लोक वाचतात. तो वाचला पाहिजे, कारण एक निरीक्षक एकाच निबंधात किती बिनचूक पाहू शकतो आणि किती सहज घसरू शकतो, या दोन्ही गोष्टी त्यात शेजारी शेजारी आहेत.

अर्धे पान आणि तेहतीस पाने

निबंधातला पहिला मुलगा डोनाल्ड. मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या लहान गावातला, वकिलाचा मुलगा. १९३७ साली, तो चार वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा, डॉक्टरांच्या सल्ल्यावरून आईवडिलांनी त्याला घरापासून दूर एका संस्थेत ठेवले. वर्षभराने ते त्याला परत घेऊन आले. मुलाला झाले आहे तरी काय, असे त्यांनी संस्थाचालकांना विचारले, तेव्हा त्यांना जेमतेम अर्ध्या पानाचा अभिप्राय मिळाला. मुलाला ग्रंथींचा काही विकार असावा, असा त्याचा सूर होता.

वडिलांनी मग स्वतःच लिहायला घेतले. ऑक्टोबर १९३८ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कॅनर यांना भेटण्याआधी त्यांनी तेहतीस टंकलिखित पानांचे टिपण पाठवून दिले. मूल केव्हा काय बोलले, कशाने बिथरले, कोणत्या वस्तू गरगर फिरवत बसते, कोण आले-गेले तरी त्याला पत्ता कसा नसतो, असे सारे त्यात होते.

कॅनर यांचा मोठेपणा असा की त्यांनी ते टिपण वाचले, आणि डोनाल्डला पाहूनही घाईने नाव दिले नाही. आणखी मुले पाहिली, त्यांच्या आईवडिलांशी बोलले. तब्बल चार वर्षांनी, १९४२ मध्ये, डोनाल्डच्या आईला लिहिलेल्या पत्रात त्यांनी कबुली दिली की आपण तुम्हाला स्पष्ट निदान कधीच देऊ शकलो नव्हतो. आणि मग त्या अवस्थेला आपण काय म्हणू लागलो आहोत ते कळवले. निदानासाठी चार वर्षे थांबावे लागलेले हे आईवडील तेव्हा एकटे होते. आज तशी कितीतरी घरे आहेत.

निबंधाचे बळ

निबंधाचे खरे बळ त्यातल्या वर्णनात आहे. दोन उदाहरणे पाहू.

आपण बाळाला उचलायला वाकलो की ते अंग सावरते, खांदे उचलते, जणू तयारीत राहते. सर्वसाधारण बाळ चौथ्या महिन्याच्या सुमारास हे करू लागते. कॅनर नोंदवतात की या मुलांच्या जवळजवळ सर्व आयांना एका गोष्टीचे नवल वाटले होते: उचलायला गेले तरी बाळ तयारीत येतच नसे. ही गोष्ट कोणत्याही यंत्राने टिपलेली नाही. ती आयांनी हातांना जाणवलेली आहे, आणि कॅनर यांनी ती पुरावा म्हणून स्वीकारली आहे.

दुसरे उदाहरण भाषेचे. 'हो' म्हणायला शिकवावे म्हणून वडिलांनी डोनाल्डला विचारले, तुला खांद्यावर घेऊ का? डोनाल्डने तोच प्रश्न परत म्हणून दाखवला. वडील म्हणाले, हवे असेल तर 'हो' म्हण. तो 'हो' म्हणाला. पण त्या दिवसापासून त्याच्या लेखी 'हो' या शब्दाचा अर्थच 'मला खांद्यावर घ्या' असा झाला. एका प्रसंगाला चिकटलेला शब्द तेथून सुटेना. या मुलांना सर्वनामेही जशी ऐकली तशीच परत येतात. आपल्याकडे तहान लागलेले मूल 'तुला पाणी हवंय का?' असे आईलाच विचारते, ते याच जातीचे. ऐकणाऱ्याला तो वेडेपणा वाटतो, पण आईला बरोबर कळते की मूल पाणी मागते आहे.

अशा तपशिलांतून कॅनर यांनी दोन लक्षणे वेगळी काढली: माणसांपासूनचे अलगपण, आणि सारे होते तसेच राहावे असा तीव्र आग्रह. या अकरांपैकी आठ मुले बोलू लागली होती, तीन बोलत नव्हती. एकाला बहिरा समजून रुग्णालयात आणले होते. एक मुलगी मतिमंदांच्या संस्थेत राहत होती. वेगवेगळ्या शिक्क्यांखाली विखुरलेली मुले एका वर्णनाखाली आणणे, हे या निबंधाचे काम. ऐंशी वर्षे उलटूनही ते वर्णन शिळे झालेले नाही. २०१३ साली अमेरिकन मानसोपचार संघटनेने निदानाचे निकष नव्याने लिहिले. त्यांतही दोनच मोठे गट आहेत: सामाजिक देवाणघेवाणीतील अडचण, आणि तेच ते करण्याची वा तसेच ठेवण्याची ओढ.

शेवटचे परिच्छेद

आता निबंधाचा शेवट पाहा. कॅनर पालकांकडे वळतात. सारे आईवडील बुद्धिमान, शिकलेले, पण त्यांत खरोखर मायाळू म्हणावे असे फार थोडे, असे ते लिहितात. आणि याचा पुरावा काय देतात? पालकांनी ठेवलेल्या तपशीलवार रोजनिशा! मुलाला ख्रिस्ती धर्मशिक्षणातली पंचवीस प्रश्नोत्तरे पाठ होती, सदतीस बालगीते येत होती, हे आईवडिलांना वर्षांनंतरही आठवते, ही त्यांना पालकांच्या अतिरेकी स्वभावाची खूण वाटते. डोनाल्डच्या वडिलांच्या टिपणावरही असाच दुहेरी शेरा आहे: माहिती उत्कृष्ट, पण तपशिलाचा सोस फार.

येथे वाचकाने थांबावे. ज्या नोंदींच्या आधारावर पूर्ण निबंध उभा आहे, त्याच नोंदी शेवटी नोंद ठेवणाऱ्यांवर दोष म्हणून उलटवल्या आहेत. थोडे लिहिले असते तर पालक बेपर्वा ठरले असते. खूप लिहिले म्हणून ते विचित्र ठरले. मूल समजत नाही म्हणून घाबरलेला बाप तेहतीस पाने लिहितो, याचे साधे कारण असे असू शकते की त्याला अर्ध्या पानाचे उत्तर मिळाले होते. हा विचार निबंधात येत नाही.

न्याय म्हणून हेही सांगितले पाहिजे की कॅनर यांनी पालकांना सरळ दोषी धरलेले नाही. अलगपण आयुष्याच्या आरंभापासून दिसते, म्हणून सारे चित्र आईवडिलांच्या वागण्यातून आले असे म्हणणे कठीण, असे ते बजावतात. आणि ही उणीव उपजत मानावी लागेल, असा निष्कर्ष काढतात. तो निष्कर्ष पुढे टिकला. पण लोकांनी उचलला तो शेरा.

नमुना कसा निवडला गेला?

विज्ञानाच्या शिक्षकाला येथे आणखी एक प्रश्न सुचायला हवा. अकराच्या अकरा घरे सुशिक्षित, ही स्वमग्नतेची खूण की कॅनर यांच्या दाराशी कोण पोहोचू शकत होते याची? १९३८ साली मिसिसिपीहून बाल्टिमोरला मूल घेऊन जाणे शेतमजुराला परवडणारे नव्हते. तेहतीस पाने टंकलिखित करणेही नव्हते. जाळ्याच्या भोकांहून लहान मासे जाळ्यात आले नाहीत, म्हणून ते तळ्यातच नाहीत असे म्हणावे, तसा हा प्रकार झाला.

लंडनमध्ये लोर्ना विंग आणि जुडिथ गूल्ड यांनी पुढे वेगळी रीत वापरली. दवाखान्यात येणाऱ्या मुलांची वाट न पाहता त्यांनी कॅम्बरवेल या एका भागातील, आरोग्य व शिक्षण सेवांना माहीत असलेल्या मुलांतून शोध घेतला. १९७९ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. स्वमग्नतेची लक्षणे बुद्धीच्या सर्व पातळ्यांवरच्या मुलांत आढळली. पुढच्याच वर्षी विंग यांनी दाखवून दिले की वरच्या वर्गाशी जोडलेला संबंध हा निवडीचा परिणाम असावा. लोर्ना विंग मानसोपचारतज्ज्ञ होत्या, आणि स्वमग्न मुलीची आईही.

याचा निदानाशी थेट संबंध आहे. स्वमग्नता हा शिकल्यासवरल्या घरांचा प्रश्न, अशी समजूत एकदा रुजली की झोपडीतल्या मुलाला तोच डॉक्टर 'मतिमंद' म्हणतो आणि बंगल्यातल्या मुलाला 'ऑटिस्टिक'. लक्षणे तीच असली तरी निदान वेगळे होते, आणि पुढची वाटही वेगळी होते.

शेऱ्याची किंमत

१९४९ साली कॅनर यांनी आणखी एका लेखात या मुलांचे घरातले जगणे जणू बर्फ न वितळणाऱ्या शीतकपाटात ठेवल्यासारखे असते, अशी उपमा दिली. उपमा लक्षात राहते आणि अटी विसरल्या जातात. तिच्यातून 'थंड आई' हा शब्दप्रयोग रूढ झाला. १९६७ मध्ये शिकागोच्या ब्रुनो बेटलहाइम यांनी 'रिकामा किल्ला' या अर्थाच्या नावाचे पुस्तक लिहून हा विचार टोकाला नेला. आईला मूल नकोसे असते, म्हणून ते स्वतःत माघार घेते, असा त्यांचा सिद्धान्त होता. मुलाला आईवडिलांपासून दूर ठेवण्यातच त्यांना उपचार दिसत होता. पुस्तक खूप वाचले गेले. मुलाला काय होते आहे हे विचारायला आलेली आई स्वतःच आरोपी ठरू लागली. आणि आरोपीच्या साक्षीवर कोण विश्वास ठेवणार?

उत्तर पुन्हा एका पालकाकडून आले. बर्नार्ड रिमलँड हे अमेरिकन नौदलात काम करणारे मानसशास्त्रज्ञ. त्यांचा मुलगा स्वमग्न होता. त्यांनी १९६४ साली सारे उपलब्ध पुरावे तपासून दाखवले की पालकांच्या दोषाला आधारच नाही, कारण मेंदूत शोधले पाहिजे. त्या पुस्तकाला प्रस्तावना कॅनर यांनीच लिहिली. १९६९ साली पालकांच्या संमेलनात कॅनर यांनी उपस्थित आईवडिलांना जाहीरपणे दोषमुक्त केले. १९७७ मध्ये सुसान फोलस्टीन व मायकेल रटर यांचा जुळ्यांचा अभ्यास आला. एकबीज जुळ्यांच्या अकरा जोड्यांपैकी चार जोड्यांत दोन्ही भावंडे स्वमग्न होती. द्विबीज जुळ्यांच्या दहा जोड्यांत एकही तशी नव्हती. संख्या लहान, पण दिशा स्पष्ट होती: आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे.

पालकही चुकतात

मग आईवडील सांगतील ते सारे खरे मानायचे का? तसेही नाही. १९९८ साली 'लॅन्सेट'मध्ये अँड्र्यू वेकफील्ड यांचा बारा मुलांवरचा निबंध आला आणि गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीवर संशय पसरला. त्यातल्या अनेक पालकांनी सांगितले होते की लस दिल्यानंतर मुलाचे वागणे बदलले. बदल त्यांनी पाहिला असेल. पण ही लस ज्या वयात देतात, त्याच वयात स्वमग्नतेची लक्षणे ठळक होऊ लागतात. पुढे लाखो मुलांच्या अभ्यासांत संबंध आढळला नाही. मूळ निबंधातील गैरप्रकार उघड झाले आणि २०१० मध्ये तो मागे घेण्यात आला. पालकांना दोषमुक्त करणारे रिमलँडदेखील लसीकडे बोट दाखवणाऱ्यांत होते.

येथेच या साऱ्या वाचनाचा धागा हाती लागतो. काय दिसले हे सांगणे वेगळे, आणि ते का घडले हे सांगणे वेगळे. पहिल्या गोष्टीत आईवडिलांइतका चांगला साक्षीदार नाही. दुसऱ्या गोष्टीत त्यांना काही विशेष अधिकार नाही. पण तो कॅनर यांनाही नव्हता. निबंधाचा जो भाग 'काय' सांगतो तो टिकला. 'का' सांगू पाहणारा शेरा कोसळला, आणि कोसळताना त्याने एका पिढीच्या आयांना चिरडले.

आपल्या भाषेतला दोष

हा दोष आपल्याकडेही आहे, आणि तो थोडासा शब्दातच आहे. 'ऑटिझम' हा शब्द ब्लॉयलर यांनी स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात घडवला होता; कॅनर यांनी तो उसना घेतला. आपण त्याचे 'स्वमग्नता' केले. आता मराठीत मग्न कोण असतो? गायक सुरात, वारकरी भजनात. मग्न होण्यात सुख आहे आणि आपली इच्छाही आहे. ऐकणाऱ्याला वाटते, मूल आपल्याच तंद्रीत आहे, जरा हलवले की बाहेर येईल. प्रत्यक्षात डोनाल्ड स्वतःत नव्हे, तर फिरणाऱ्या वस्तूंत, आकड्यांत, क्रमात गुंतलेला होता. शब्द आता रूढ झाला आहे, तो वापरू. पण त्याला व्याख्या समजू नये.

'थंड आई'ही नव्या वेषात परत आली आहे. हल्ली 'मोबाइलमुळे होणारा ऑटिझम' असे सर्रास बोलले जाते. त्या नावाचे निदान कोणत्याही अधिकृत वर्गीकरणात नाही. लहान मुलाला तासन्तास पडद्यासमोर बसवू नये हे खरेच. पण बोलत नसलेल्या मुलाच्या आईला 'मोबाइल दिलात ना, म्हणून' असे सांगून परत पाठवणे म्हणजे तपासणीच टाळणे.

मी हे परक्यासारखे लिहीत नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी दुसरीच्या वर्गातल्या एका मुलाची आई मला भेटायला आली होती. तिच्या हातात दोनशेपानी वही होती. मुलाच्या वागण्याच्या तारीखवार नोंदी तिने केल्या होत्या. मी वही चाळली, मिटली आणि म्हणालो, "ताई, तुम्ही नोकरी करता ना? घरी त्याच्याशी बोलायला कोणी नसेल." ती काही न बोलता वही घेऊन गेली. त्या मुलाचे निदान अकराव्या वर्षी दुसऱ्या शहरात झाले, असे पुढे कळले. कॅनर यांनी टिपण निदान वाचले तरी होते.

शिक्षकाने काय करावे

निदान करणे हे शिक्षकाचे काम नाही. ते विकासात्मक बालरोगतज्ज्ञ, बालमानसोपचारतज्ज्ञ वा चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ यांचे आहे. आधी श्रवणाची तपासणी व्हावी लागते. वाचादोष, बौद्धिक अक्षमता यांचाही विचार करावा लागतो. मूल वेगळे वागते म्हणजे ते स्वमग्नच, असे नाही. आपल्या देशात सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेली चाळीस बाबींची मापनश्रेणी वापरतात. तीही पालकांशी बोलून आणि मुलाला पाहून भरायची असते. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नतेचा स्वतंत्र उल्लेख नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली, आणि २०१६ च्या कायद्यातील एकवीस प्रकारांत तिला जागा मिळाली. निदान चुकले तर प्रमाणपत्र चुकते, आणि शाळेत मिळायच्या सवलतीही हुकतात.

शिक्षक एक गोष्ट मात्र नक्की करू शकतात: वर्णन. 'हट्टी आहे' असे लिहू नका; 'डस्टर रोजच्या जागी नसले की रडतो, जागेवर ठेवले की थांबतो' असे लिहा. 'लक्ष देत नाही' असे लिहू नका. 'नावाने हाक मारली तर वळत नाही, पण मागे डब्याचे झाकण उघडले तर वळतो' असे लिहा. पहिल्या वाक्यांत आपले मत आहे, दुसऱ्यांत मूल आहे. वर्गात विज्ञान शिकवताना निरीक्षण आणि अनुमान यांतला फरक आपण मुलांना सांगतोच; तो येथे स्वतः पाळायचा आहे. कारणाचा रकाना रिकामा ठेवावा. आणि पालकांनी वही आणली तर ती वाचावी.

डोनाल्डचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. तो महाविद्यालयात शिकला, गावातल्या बँकेत नोकरीला लागला, गोल्फ खेळायला शिकला, एकटा देशोदेशी फिरला. गावाने त्याला सांभाळून घेतले. २०२३ च्या जून महिन्यात, एकोणनव्वद वर्षांचा होऊन, तो वारला. संस्थेतून परत आणलेल्या मुलासाठी त्याच्या वडिलांनी लिहिलेली तेहतीस पाने वाया गेली नाहीत.